घरचा दात

वेदिका लोहकरे तोंड उघडायला तयार नव्हती. तिसरीतली पोर, वजन जेमतेम वीस किलो, पण दातखीळ बसल्यासारखे ओठ आवळून ती खुर्चीत बसली होती आणि डॉक्टर मुजावरांच्या सगळ्या युक्त्या वाया गेल्या होत्या. त्यांनी गाणं म्हणून पाहिलं, हातमोजा फुगवून कोंबडा करून दाखवला, स्वतःच्याच दाढा मोठ्याने मोजल्या. कोंबड्याला ती जराशी हसली, पण तेही ओठ मिटूनच.

गाडीच्या मागच्या बाकावर बसलेल्या यमुना असवलेने नोंद केली: एक मूल, उपचारास नकार. लिहिता लिहिता तिची जीभ सवयीने खाली डावीकडे गेली. तिथली दाढ पडून तेहतीस वर्षं झाली होती, तरी जीभ अजून रोज तिथे जाऊन पाहून यायची.

आंबेदऱ्याची आश्रमशाळा घाटमाथ्यावर, एसटीच्या शेवटच्या थांब्यापासूनही दोन किलोमीटर वर. पहिली ते दहावीची साडेतीनशे मुलं तिथेच राहायची, तिथेच शिकायची. जूनमध्ये आईबाप आणून सोडायचे आणि दिवाळीला न्यायला यायचे. मग पुन्हा सोडायचे ते थेट मे महिन्यापर्यंत. दर दोन महिन्यांनी मैदानात एक पांढरी गाडी येऊन उभी राहायची. छपरावर विजेसाठी सूर्यपाट्या, आत खुर्ची, दिवा आणि दात कोरायची सगळी हत्यारं. मुलं तिला दातांची गाडी म्हणायची.

चार वर्षं ही गाडी चाळीस आश्रमशाळांमध्ये फिरत होती. तशाच दुसऱ्या चाळीस शाळांमध्ये ती मुद्दाम पाठवली नव्हती, म्हणजे तुलना करता यावी. तुलना करून अहवाल लिहिणं हे यमुनाचं काम. पुण्यातल्या ज्या संस्थेत ती अठरा वर्षं नोकरीला होती, तिचे संचालक देवधर यांनी निघताना तिला बजावलं होतं की मार्चअखेर अहवाल जाईल, त्यावर गाडी राज्यातल्या सगळ्या आश्रमशाळांना मिळेल, नाहीतर आहे तीही बंद होईल. मधला रस्ता कुणी ठेवलेलाच नव्हता.

तसं पाहिलं तर काळजीचं कारण नव्हतं. गाडीच्या शाळांमधली कीड निम्म्यावर आली होती. दात उपटायची वेळ क्वचितच येत होती. दातदुखीमुळे होणारी गैरहजेरी तर जवळजवळ संपलीच होती आणि या आकड्यावर मंत्रालयातले लोक विशेष खूश होते. घोडं अडलं होतं ते एका यंत्रापाशी.

त्या यंत्राला सगळे रेषावाचक म्हणायचे. दात वाढतो तो रोज थोडा थोडा, थरावर थर चढत, आणि रोजच्या थराची एक अतिशय बारीक रेघ आत राहून जाते. मूल आजारी पडलं, उपाशी राहिलं, फार घाबरलं, तर त्या दिवसाची रेघ जाड आणि काळपट उमटते. जन्म हाही बाळाला मोठा धक्काच, म्हणून सगळ्यात पहिली ठळक रेघ जन्माची. पूर्वी हे सगळं पडलेला दात कापून, सूक्ष्मदर्शकाखाली धरूनच दिसायचं. रेषावाचक गालावरून नुसता फिरवला की जबड्यातल्या दाताचं हे सगळं रोजचं टिपण पडद्यावर येई. दाढांची मुळं चौदा-पंधराव्या वर्षापर्यंत वाढत असतात. म्हणजे तोवरचं पोराचं सगळं बालपण, दिवसाला एक रेघ याप्रमाणे, त्याच्या तोंडातच लिहिलेलं असतं.

कल्पना अशी होती की गाडीमुळे दुखणं कमी झालं, तर जाड रेघाही कमी झालेल्या दिसतील आणि गाडीचा उपयोग मुलांच्या दातांनीच सिद्ध होईल. प्रत्यक्षात दोन हजार मुलांच्या रेघा तपासल्या तेव्हा काहीच जुळेना. कुणाची जाड रेघ मार्चमध्ये, कुणाची सप्टेंबरमध्ये, कुणाची शाळेत यायच्याही आधी. पुण्यातल्या संगणकवाल्या मुलांनी तीन महिने डोकं खाजवलं आणि अखेर यंत्रच भरवशाचं नाही म्हणून हात टेकले.

वेदिकाने तोंड उघडलं नाही, तरी गालावरून यंत्र फिरवायला तिची हरकत नव्हती. पडद्यावर तिची खालची उजवी दाढ आतून पोखरलेली दिसली. मुजावरांचा चेहरा उतरला. महिनाभर असंच राहिलं तर सूज जबड्याच्या हाडात उतरेल, असं ते यमुनाला हलक्या आवाजात म्हणाले. मागच्या दोन्ही फेऱ्यांना ही मुलगी गाडीकडे फिरकलीच नव्हती. एकदा ती शौचालयात लपली होती, एकदा स्वयंपाकघराच्या मागे.

दुपारी यमुना मुख्याध्यापक गोडे सरांच्या खोलीत गेली. वेदिका कधीपासून शाळेत आहे ते तिला पाहायचं होतं. सरांनी प्रवेशाची जाडजूड वही काढून दिली. पुण्यात मुलांची माहिती तिच्यासमोर यायची ती नाव, गाव, जन्मतारीख सगळं झाकून, गोपनीयतेच्या नियमाप्रमाणे. मूळ वही तिने चार वर्षांत आज पहिल्यांदाच उघडली होती. वेदिका लोहकरे, जन्म एक जून. वरच्या मुलाचा जन्म एक जून. खालच्या तिघींचा एक जून. तिने पान उलटलं. एक जून, एक जून, मध्येच एक ऑगस्टचा कुणी भाग्यवान, मग पुन्हा एक जून.

“दाखले आणत न्हाईत हो पालक,” गोडे सर जरा ओशाळून म्हणाले. “कुणी उसाच्या फडात जन्मलेलं, कुणी घरी. एक जून टाकला की सहा वर्षं बरोबर भरतात आन् पोराचं वर्ष वाया जात न्हाय.”

यमुनाला हसू आलं. तिचा स्वतःचा जन्मही एक जूनचाच होता. तिच्या वर्गातल्या चौतीस जणांचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा, आणि तोही नेमका सुट्टीत. आजही दर एक जूनला तिच्या फोनवर बँकेच्या, विम्याच्या आणि चष्म्याच्या दुकानाच्या शुभेच्छा येतात. माणसांच्या येत नाहीत, कारण खरी तारीख तिलाच माहीत नाही. हसता हसता ती थांबली. झाकलेली जन्मतारीख फक्त पुण्याच्या संगणकाला दिसत होती; तो जन्माच्या रेघेपासून दिवस मोजत पुढे येत होता आणि त्या रेघेला तो इमानेइतबारे एक जून समजत होता. मूळ तारीखच खोटी, तर पुढचं सगळं कसं जुळणार? ही चूक पुण्यातल्या मुलांना सात जन्मांत सापडली नसती. त्यांचे वाढदिवस खरे होते.

जन्मापासून पुढे मोजायचं नाही, आजपासून मागे मोजायचं. मुळाचं टोक अजून वाढतंय, म्हणजे सगळ्यात ताजी रेघ यंत्र फिरवलं त्या दिवसाची. एवढं साधं होतं. रिकाम्या पाचवीच्या वर्गात बसून तिने संगणकाला दोन हजार मुलांचे दिवस उलटे मोजायला लावले. बाहेर कबड्डी चालली होती. खेळ संपायच्या आत पडद्यावर उत्तर आलं.

सगळ्या मुलांच्या दातांत एक जाड रेघ होती, आणि ती सगळ्यांची एकाच आठवड्यात पडली होती. सहाव्या वर्षीच्या जूनचा तिसरा आठवडा. ती ना कीड होती, ना ताप, ना भूक. आई शाळेच्या फाटकातून परत गेली तो दिवस होता.

पुढचं उत्तर आणखी वाईट होतं. गाडी जात नसलेल्या शाळांमध्ये ऑगस्टमध्ये आणि जानेवारी-फेब्रुवारीत रेघा दाट व्हायच्या, पण मध्येच चार-पाच दिवस स्वच्छ, फिकट जात. गाडीच्या शाळांमध्ये ते फिकट दिवस नव्हतेच. जूनपासून दिवाळीपर्यंत आणि दिवाळीपासून मेपर्यंत सलग काळोख होता. दात चांगले होते आणि त्यांच्या आतलं लिखाण बिघडलं होतं.

असं का, हे यमुनाला कुणी सांगायला नको होतं. तिची जीभ केव्हाच डावीकडे पोचली होती.

ताटं धुवायच्या टाकीजवळ तिला वेदिका सापडली. यमुनाने तिच्या शेजारी बसून एक ताट घासायला घेतलं आणि विचारलं, घरचा दात कुठला, उजवीकडचा ना? वेदिकाने दचकून तिच्याकडे पाहिलं. हा शब्द मोठ्या माणसाला माहीत असतो, हे तिच्या गावीही नव्हतं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ताप आला तर गोळी देतात, पोट दुखलं तर ओवा देतात, रडलं तर रागावतात. दात दुखला तर मात्र पूर्वी बापाला बोलावून तालुक्याच्या दवाखान्यात पाठवायचे, आणि तालुक्याला गेलेलं पोर चार दिवस घरी राहूनच यायचं. म्हणून प्रत्येकाचा एक घरचा दात असायचा. थोरल्या मुली धाकट्यांना तो कसा सांभाळायचा ते शिकवायच्या. वेदिकाची मोठी बहीण तिच्या घरच्या दातावर वर्षातून तीनदा घरी गेली होती. वेदिकानेही रात्रीच्या जेवणातला गूळ दाढेत दाबून ठेवून आपला दात तयार केला होता. पण ती शाळेत यायच्या आधीच गाडी सुरू झाली होती.

“आता हितंच बरं करत्यात,” वेदिका म्हणाली. “घरला न्हाय सोडत.”

यमुनाचा दात डावीकडचा होता. तिसरीत, अशाच एका आश्रमशाळेत, तो बाभळीच्या काट्याने टोकरून टोकरून तिने दुखता केला होता. आई दाढेत लवंग धरायची, गरम फडकं गालाला लावायची आणि रात्रभर मांडीवरून डोकं हलू द्यायची नाही. ते चार दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते, आणि ते ठणकत्या दाढेचे होते. चौथीत वडील कामाचे खाडे करून कंटाळले आणि त्यांनी तालुक्याला तो उपटून घेतला. मग घरी जायला कारणच उरलं नाही. ती अभ्यासाला लागली, पहिली आली, पुण्याला गेली. आई अजून त्याच गावात होती. दर रविवारी दोघी तीन मिनिटं बोलायच्या. जेवलीस का, जेवले, तू जेवलीस का, जेवले. सहा वर्षांपूर्वी यमुना शेवटची घरी गेली होती, तेव्हा दुसऱ्या दिवशी दोघींनाही पाहुण्यांसारखं वाटायला लागलं होतं.

तिने मुजावरांना गाडीतच गाठलं आणि पडद्यावर दोन्ही प्रकारच्या शाळांच्या रेघा शेजारी शेजारी ठेवल्या. मिरजेहून इतक्या दूर येऊन, चार वर्षं डोंगर चढून-उतरून त्यांनी नऊ हजार दाढा वाचवल्या होत्या.

“म्हणजे मी पोरांचं वाईट केलं?” त्यांनी विचारलं.

तिने नाही म्हटलं. मग रेषावाचक आपल्याच गालाला लावला. पडद्यावर बेचाळीस वर्षांच्या बाईचं बालपण उभं राहिलं. सहाव्या वर्षीची जाड रेघ, मग अधूनमधून चार-चार फिकट दिवस, नवव्या वर्षी दाढ उपटल्याची काळी रेघ, आणि त्यानंतर सगळं एकसारखं दाट. पंधराव्या वर्षी ते संपत होतं.

“पुढे?” मुजावर म्हणाले.

“पुढे काही नाही. मूळ मिटलं की दात लिहायचं थांबतो.”

“म्हणजे नंतर तुम्ही सावरलात.”

“म्हणजे नंतरची नोंद नाही, डॉक्टर.”

मुजावरांनी पडदा बंद केला. दाढ भरल्यावर विश्रांतीची गरज नसते, ती असते असं लिहिणं खोटं होईल, असं ते स्वतःशीच पुटपुटले. मग त्यांनी औषधाच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक पुढे ओढलं आणि वेदिका लोहकरेच्या नावाने लिहिलं: दाढ भरली, मऊ अन्न, चार दिवस आईजवळ. घरी असं आधी लिहिलं होतं, ते खोडून त्यांनी आईजवळ केलं. ती चिठ्ठी हातात पडल्यावर वेदिकाने ती दोनदा वाचली, घडी घालून फ्रॉकच्या खिशात ठेवली आणि इतकं मोठं तोंड उघडलं की मुजावरांना जरा मिट म्हणावं लागलं.

संध्याकाळी यमुनाने देवधरांना फोन करून सगळं सांगितलं. ते हुशार होते, एक जूनवर मनापासून हसले, रेघा जुळल्याचं ऐकून गंभीर झाले. हे छापलंस तर तुझं नाव जगभर होईल, हे त्यांनी कबूल केलं. पण पुढे त्यांनी तिला सरळच सांगितलं की गाडी बंद पाडायला टपलेल्यांच्या हातात हे आयतं कोलीत होईल. मुलं शाळेत टिकतात म्हणून तर गाडीला पैसा मिळतो. दात बरा करून पोराला घरी पाठवा, ही शिफारस पहिल्याच बैठकीत उडेल, आणि तिच्याबरोबर गाडीही.

“रेघांत संगती आढळली नाही, एवढंच लिही,” ते म्हणाले. “आधी तसंच होतं ना?”

तिने उद्या कळवते म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेदिकाची आई आली. निरोप मिळाल्यावर पहाटेच चालत निघाली होती, टाचा धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या. गोडे सरांनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली, पण डॉक्टरांची सही असल्यावर त्यांना बोलायला जागा नव्हती. यमुनाने वेदिकाच्या आईला सांगितलं की यंत्राच्या हिशेबाने पोरीचा जन्म जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातला दिसतो. “व्हय,” ती लगेच म्हणाली, “संक्रांतीच्या आदल्या दिशी. तीळ भाजत व्हते.” इतकी वर्षं तिला ते कुणी विचारलंच नव्हतं.

वेदिका फाटकापर्यंत गेली आणि काहीतरी राहिल्यासारखी परत आली. यमुनाच्या पुढ्यात उभं राहून तिने हळूच विचारलं, “बाई, तुमचा घरचा दात कंचा व्हता?”

यमुनाने वाकून तोंड उघडलं आणि खालची रिकामी जागा दाखवली. वेदिकाने ती नीट निरखून पाहिली.

“मंग तुमी घरला कशा जाता?”

आईने तिला बाईंना असं विचारू नये म्हणून दटावलं आणि हाताला धरून नेलं. वळणावर जाईपर्यंत दोघींमधली लहान आकृती उड्या मारत चालली होती. यमुना फाटकाशी उभी राहिली. पहिलीच्या मुलांची परवचा सुरू झाली, तरी ती तिथेच होती.

मग पाचवीच्या वर्गात जाऊन तिने अहवाल पुरा केला. रेषावाचकाचं अख्खं प्रकरण काढून टाकलं आणि त्या जागी एकच वाक्य लिहिलं: रेघांमध्ये अर्थपूर्ण संगती आढळली नाही. चार वर्षांत तिने शोधलेली एकमेव नवी गोष्ट या वाक्याखाली गाडली गेली. ते एका दमात लिहून झालं, याचंच तिला वाईट वाटलं. एक जूनची चूकही तिने होती तशी राहू दिली. उद्या आणखी कुणी यंत्र घेऊन येईल आणि पुन्हा त्याच चुकीत अडकेल, हे तिला ठाऊक होतं.

पण अठरा वर्षांच्या नोकरीत ती एक गोष्ट पक्की शिकली होती. प्रकरणांवर बैठका होतात, परिशिष्टं न वाचताच छापायला जातात. अहवालाच्या शेवटी, परिशिष्ट सहामध्ये, उपचारानंतर द्यायच्या चिठ्ठीचा नमुना होता. त्यात तिने तारीख आणि सही यांच्यामध्ये एक छापील ओळ घातली: मोठी दाढ भरल्यास मऊ अन्न, चार दिवस आईजवळ. गाडी मंजूर झाली की ही चिठ्ठी पुस्तकंच्या पुस्तकं छापून निघेल, प्रत्येक आश्रमशाळेत पोचेल, आणि छापलेल्या ओळीला नाही म्हणायची गोडे सरांसारख्या माणसांना सवय नसते. त्या ओळीमागचं कारण मात्र तिच्याशिवाय, मुजावरांशिवाय आणि फार तर देवधरांशिवाय कुणाला कळणार नव्हतं.

अहवाल पाठवून तिने संगणक मिटला. बाहेर मैदानात मुजावर गाडीच्या पाट्या पुसत होते. घाटाखालून तिच्या गावाकडे रोज अडीचला एक एसटी जाते. त्या एसटीत बसायला तिला कुणाची चिठ्ठी लागत नव्हती, कुणाची सही लागत नव्हती. वर्षानुवर्षं ती रोज जात होती आणि यमुना तिच्यात बसत नव्हती.

तिने फोन लावला. तिकडे पहिल्याच घंटीला उचलला गेला.

“आज गुरुवार ना गं?” आई घाबरून म्हणाली. “काय झालं?”

जेवलीस का, असं यमुना विचारणार होती. ते तोंडाशीही आलं होतं.

“आई,” ती म्हणाली, “दात दुखतोय.”

तिकडून अंगणातल्या कोंबड्या ऐकू येत होत्या.

“कंचा? डावीकडलाच का?”

यमुनाची जीभ त्या रिकाम्या जागेत जाऊन थांबली.

“हो. तोच.”

“मंग ये,” आई म्हणाली. “लवंगा हायेत घरात.”